चार चिंचांजवळचे स्थानक

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने किंवा सोलापूर-कलबुर्गीहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीला जाताना इटारसी मागे पडते. मग नर्मदेचा पूल येतो, त्यापुढे विंध्याचा घाट आणि सागाचे जंगल. मंडीदीपचे कारखाने दिसू लागले की भोपाळला उतरणारी मंडळी बॅगा आवरायला घेतात. पण भोपाळ जंक्शनच्या सहाएक किलोमीटर अलीकडे आणखी एक स्थानक लागते. त्याच्या पाटीवर आज ‘राणी कमलापती’ असे नाव आहे. २०२१ पर्यंत तिथे ‘हबीबगंज’ लिहिलेले असे.

या स्थानकापासून जवळच चार इमली नावाची वस्ती आहे. इमली म्हणजे आपली चिंच, कन्नडमधली हुणसे. चार चिंचांचे नाव मिरवणाऱ्या या भागात आज मंत्र्यांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे बंगले आहेत. राजधानीचा कारभार हाकणारी माणसे इथे राहतात. ती इथे कशी आली, हे पाहिले की स्थानकाची गोष्टही उलगडते.

हा लोहमार्ग तसा जुना. बेगम शाहजहान यांच्या कारकिर्दीत, १८८४ मध्ये इटारसी-भोपाळ रेल्वे सुरू झाली आणि त्यासाठी भोपाळ संस्थानाने पैसा पुरवला. तेव्हाचे भोपाळ म्हणजे तलावाकाठचे तटबंदीचे शहर. दक्षिणेकडे अरेरा टेकड्यांचे माळरान होते.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. ही तारीख सीमाभागातल्या घरांना वेगळी सांगायला नको. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी नागपूर-विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्याला जोडला गेला आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी माणसे फायलींसह भोपाळला हलली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आपल्याकडे नातेवाइकांच्या मधून रेघ गेली, तर त्यांच्याकडे अख्खे बिऱ्हाडच उचलून परक्या गावी न्यावे लागले.

या माणसांसाठी माळावर नवे भोपाळ वसू लागले. तात्या टोपे नगर, शिवाजी नगर अशी आपल्या कानाला ओळखीची नावेही त्यात आहेत. पण या नव्या वस्तीला जुन्या शहरातले जंक्शन दूर पडे. हबीबगंज नावाचे स्थानक १९७९ पासूनचे. नवाबांच्या घराण्यातील हबीबमियांनी जमीन दिली म्हणून हे नाव, असे भोपाळकर सांगतात. हबीब म्हणजे प्रिय आणि गंज म्हणजे पेठ.

स्थानकाला दुसरा आधार विद्यापीठाचा. १९७० मध्ये स्थापन झालेल्या भोपाळ विद्यापीठाला १९८८ मध्ये बरकतउल्ला यांचे नाव दिले गेले. मौलवी बरकतउल्ला मूळचे भोपाळचे. १९१५ मध्ये काबूलला स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारचे ते पंतप्रधान होते आणि राजा महेंद्रप्रताप राष्ट्राध्यक्ष. १९२७ मध्ये त्यांचा अमेरिकेत मृत्यू झाला. मायभूमीला परतणे काही झाले नाही. इटारसी, ओबेदुल्लागंजकडून रोज शिकायला आणि नोकरीला येणाऱ्यांना तिकडे ‘अप-डाउन’ करणारे म्हणतात. अशांसाठी भोपाळात शिरायचे दार म्हणजे हेच स्थानक.

पुढे सरकारी-खासगी भागीदारीत स्थानकाचा कायापालट करायचे ठरले आणि २०१६ मध्ये त्याचा करार झाला. रुळांच्या वर प्रवाशांना बसण्यासाठी प्रशस्त मजला झाला आणि बाहेर पडणाऱ्यांसाठी वेगळे भुयारी मार्ग झाले. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेच नव्या नावाने. कमलापती ही अठराव्या शतकातली गोंड राणी. तिचा महाल आजही तलावाकाठी उभा आहे. तिने जलसमाधी घेतली, अशी आख्यायिका आहे.

नवाबांच्याही आधीच्या गोंड राणीची आठवण जागी झाली, याचा अनेकांना आनंद वाटला. जिभेवर बसलेले नाव गेले, याची काहींना हुरहुर लागली. दोन्ही भावना खऱ्या आहेत. पाटी एका दिवसात बदलता येते, पण जिभेला वेळ लागतो. गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि बेळगावचे बेळगावी झालेले पाहिलेल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या घरांत आजी चिंच म्हणते आणि सूनबाई हुणसे म्हणते, तरी सार एकच होते. भोपाळच्या या कोपऱ्यात गोंड राणी, बेगमा, हबीबमिया, बरकतउल्ला आणि नागपूरहून आलेले कारकून अशा सगळ्यांचा वाटा आहे. पाटीवर जागा एकाच नावाची असते. बाकीची नावे सांभाळायची ती घरातल्या बोलण्यातून. म्हणून पुढच्या वेळी दिल्लीला जाताना हे स्थानक आले की बरोबरच्या मुलांना दोन्ही नावे सांगा. हबीब कोण आणि कमलापती कोण, तेही सांगा. भोपाळ येईपर्यंत तेवढे सांगून होते.