उसने इंजिन, खरा इतिहास

निलंग्याच्या एखाद्या वाड्यात आजोबांची प्रीमियर ‘११८ एनई’ उभी असेल, तर नातवापुढे प्रश्न येतोच: इंजिन बदलावे का?

१९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियरने १९८५ मध्ये स्वतःच असा बदल केला होता. सांगाडा फियाट १२४ चा, उघड्या टपाच्या स्पोर्ट स्पायडरच्या कुळातला. इंजिन मात्र निसानचे ए-१२, ११७१ सीसीचे. ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. गिअरबॉक्सही निसानचाच. ही जोडी शहाणपणाची; इंजिनाचा जोर किती फेऱ्यांवर मिळतो, त्यावरच गिअरचे प्रमाण ठरते.

आज तिच्यात फियाटचे इंजिन बसवले, तर ती ‘मूळ’ होणार नाही. तिचे मूळपण त्या अदलाबदलीतच आहे.