नात आमची, पण कागद काय सांगतो?

वाचकहो, नात्याला कागद लागतो काय? आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी आजवर 'नाही' असेच म्हणत होतो. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे डोळे उघडले. ती हकीकत सांगतो, कारण आपल्या पुष्कळ घरांत आई-बाप दोघेही कामावर असतात आणि नातवंडे आमच्यासारख्यांच्याच अंगाखांद्यावर वाढतात.

आमच्यापैकी एकाची हयात मुंबईच्या गोदीत गेली. बोटींत माल चढवला, उतरवला, पण प्रवासी म्हणून बोटीच्या जिन्यावर पाय ठेवायची पाळी कधी आली नाही. दुसरीने तर मोठी बोट पाहिली ती गोदीच्या भिंतीबाहेरून. म्हणून दोन वर्षे भिशी भरली आणि मुंबई-गोवा क्रूझची तीन तिकिटे काढायचे ठरवले. तिसरे तिकीट मुलीच्या मुलीचे, वय वर्षे नऊ. मुलगी दवाखान्यात आया आहे, जावई बस चालवतात. दोघांनाही रजा नव्हती.

तिकिटाच्या कचेरीतल्या पोराने विचारले, "मावशी, ही तुमची कोण?"

"नात. मुलीची मुलगी."

"आडनाव वेगळं आहे. आई-वडिलांचं संमतीपत्र लागेल. हिचा जन्मदाखलाही आणा."

घरी येऊन ट्रंक उपसली. जन्मदाखला सापडला, पण त्यावर मुलाच्या नावाचा रकाना कोरा! आईचे नाव होते, बापाचे नाव होते, तारीख होती. लिंग म्हणून 'स्त्री' लिहिले होते. आमची नात एवढीच होती. घडले होते असे की जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती इस्पितळाने केली. नाव आम्ही नंतर ठेवले. शाळेत आधार कार्डावर भागले, आणि नोंदीत नाव घालायला कोणी गेलेच नाही.

जावयांनी एक दिवसाचा रोज बुडवला आणि वॉर्ड ऑफिस गाठले. जन्माची नोंद वेळेत झालेली असेल तर पंधरा वर्षांपर्यंत तीत मुलाचे नाव घालता येते, हे तिथे कळले. दोन खेपा झाल्या, थोडे शुल्क भरले, आणि नातीला कागदावर नाव मिळाले.

पुढे आडनावाचा घोळ. जन्मदाखल्यावर मुलीचे सासरचे नाव, आमच्याकडे तिचे माहेरचे. दोन्ही एकच बाई हे कोण सांगणार? मुलीचे लग्न विहारात झाले होते. पण त्या वेळी शेजारच्या एका शिक्षकांनी हट्ट धरून महापालिकेत विवाहनोंदणी करायला लावली होती. तेव्हा आम्हाला तो नसता खर्च वाटला. आज तोच कागद कामी आला. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बाप म्हणून आमचे नाव, विवाह प्रमाणपत्रावर तिची माहेरची-सासरची दोन्ही नावे, आणि नातीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून तिचे नाव. तीन कागदांची साखळी जुळली तेव्हा आम्ही सरकारदरबारी आजी-आजोबा झालो!

संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर करून नोटरीचा शिक्का घेतला. त्यात नातीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणाबरोबर चालली, नाते काय, बोट कोणती, जाण्या-येण्याच्या तारखा, दोन्ही पालकांच्या सह्या आणि फोन नंबर लिहिले. वाटेत दुखले-खुपले तर औषधोपचाराला आमची परवानगी चालेल, हेही लिहून घेतले. सोबत दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती जोडल्या.

निघायच्या दिवशी फाटकावरच्या तपासनिसाने कागद पाहिले आणि आम्हाला सोडून नातीलाच विचारले, "बाळ, तुझं नाव काय? हे कोण? आई-बाबा कुठे आहेत?" आम्हाला राग आला. आम्ही काय पोर पळवणारे दिसतो? नातीने सगळे धडाधड सांगितले. त्याने संमतीपत्रावरचा नंबर फिरवला. जावई गाडीवर, फोन उचलणार कसा? मुलगी वॉर्डात, तिचाही फोन वाजून थांबला. मागे रांग वाढत चालली. नातीने आजीचा पदर घट्ट धरला. आणखी एकदा लावल्यावर मुलीचा "हॅलो" ऐकू आला आणि जीव भांड्यात पडला.

तपासनीस म्हणाला, "काका, रागावू नका. उद्या कोणी दुसराच हिला घेऊन आला, तर त्यालाही मी हेच विचारणार."

गोदीच्या फाटकावर रोज पास दाखवून आत जाणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. अडवणूक आमची झाली, पण राखण आमच्या नातीची होत होती.

सांगायचे तात्पर्य, तिकीट काढतानाच कोणते कागद लागतील ते लेखी विचारून घ्या. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. मुलाच्या आधार कार्डावर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व फोटो नव्याने द्यावे लागतात, ते झाले का पाहा. आई किंवा बाप हयात नसेल तर मृत्युदाखला, आणि काडीमोड झाला असेल तर मुलाचा ताबा कोणाकडे याचा कोर्टाचा हुकूम जवळ ठेवा. बोट परदेशी जाणार असेल तर नातवाचा स्वतःचा पासपोर्ट हवा आणि संमतीपत्र इंग्रजीत करावे. लहान मुलाचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षे चालतो, तेव्हा मुदत तपासा. मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. आणि घरच्यांना सांगून ठेवा, त्या दिवशी फोन जवळ असू द्या.

बोट सुटली तेव्हा संध्याकाळ होती. नातीने कठड्यापाशी उभे राहून विचारले, "आजोबा, तुमची गोदी कुठली?" बोटाने दाखवली. आतून, पाण्यावरून ती आम्ही दोघांनी बरोबर पहिल्यांदाच पाहिली.

तुमच्याही घरी कपाटात नातवाचा जन्मदाखला असेल. आज रात्री काढून पाहा, नावाचा रकाना कोरा तर नाही?