गोठ्याचा उंबरा

कसबा बावड्यातील आमच्या घराची मागची खोली मुळात गोठा होती. म्हशी विकल्यावर वडिलांनी तिथे राहण्याजोगी खोली करावयाचे ठरविले आणि सर्वांत आधी बसविला तो उंबरा. गोठ्याला उंबरा नसतो. जनावराचा खूर अडखळू नये आणि शेणमूत खराट्याने सरळ बाहेर लोटता यावे, इतकाच त्यामागचा हिशेब. पाडलेल्या एका वाड्याची सागवानी चौकट, कडी-कोयंड्याचे जाड दार आणि गजांच्या दोन खिडक्या त्यांनी विकत आणल्या. आईने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिले. त्या दिवसापासून या खोलीला 'गोठा' म्हणणाऱ्यास घरात बोलणी बसू लागली.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. (इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर; हे आकडे बावड्यातल्या पोरासोरांनाही पाठ असतात, कारण बंधारा आमचाच.) खोलीत चार दिवस पाणी होते. लाकूड पाणी पिऊन लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत फुगते. दार चौकटीत असे गच्च बसले की शेवटी खिडकीचे गज वाकवून आत शिरावे लागले. रंधा मारून घेतला, तर उन्हाळ्यात बोटभर फट पडली. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि खालचे सांधे कुजले.

"आता प्लास्टिकचं बसवा सर, पाण्याला भ्यायचं काम न्हाई," सुतार म्हणाला. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. जुन्या लाकडाच्या बाजूने बोलण्यास आमच्यापाशी शब्दांची वाण नव्हती. तीन वर्षे आम्ही बोलत राहिलो.

मग आईचे खुब्याचे हाड मोडले. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे झाडही आणि दाराचा उंबराही, हे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. जब्बार पटेलांचा १९८२चा 'उंबरठा' आठवून 'ओलांडणे' या क्रियापदावर अख्खा तास घेतला आहे. घरी आई वॉकर पलीकडे ठेवी, पाय उचलू पाही, आणि तो चार इंचांच्या त्या लाकडाला टेकून थांबे. दार बदलायचेच, तर उंबरा ठेवावा की नाही, हे तिला विचारण्याचे धैर्य आम्हांस आठवडाभर झाले नाही. वडिलांनी स्वतः बसविलेली वस्तू होती ती.

विचारले तेव्हा ती म्हणाली, "काढ की. म्हशींना नव्हता, मलाच कशाला पायजे?"

सुताराने पहार लावली. नवी चौकट तिन्ही बाजूंनी आहे, खाली सपाट फरशी. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही, एवढेच की त्या उघडताना कुरकुरत नाहीत. पहिल्या संध्याकाळी आई वॉकर घेऊन न थांबता परसात आली आणि भिंतीशी आडव्या ठेवलेल्या उंबऱ्यावर बसून तिने चहा मागितला.