लेप्याचा उजवा डोळा

कोकण-गोव्याच्या मासळीबाजारात लेप्याला मानाची जागा नसते. सुरमई-पापलेटचे भाव विचारून झाले की मग नजर त्याच्या वाट्याकडे वळते. वीतभर लांब, जिभेसारखा चपटा, एका अंगाने तपकिरी, दुसऱ्या अंगाने पांढरा. कोकणीत तो लेपो. साफ करताना डोक्यापाशी चीर द्यायची, बोटांना मीठ लावून कातडी घट्ट धरायची आणि शेपटीकडे ओढून काढायची. तेव्हा त्याचा चेहरा अगदी जवळून दिसतो: तोंड वाकडं, आणि मोहरीएवढे दोन्ही डोळे डावीकडेच. उजवी बाजू कोरी.

जन्मतः तो असा नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघा माशांसारखं उभं पोहतं, दोन्ही बाजूंना एकेक डोळा घेऊन. मग उजवा डोळा जागा सोडतो, कवटीची हाडं वळत जातात, डोळा डावीकडे येतो आणि पिल्लू तळाच्या वाळूत उजव्या कुशीवर पडतं, ते कायमचं. तयार लेप्यापेक्षा मला हे मधले दिवस जास्त थक्क करतात. डोक्याची सगळी मांडणी बदलत असते आणि तो एवढासा जीव तेवढ्यातही तग धरतो.

प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी 1871 साली डार्विनला नेमकं इथंच अडवलं होतं. उत्क्रांतीच्या ओघात डोळा अर्ध्या वाटेवर असेल, तर त्याचा माशाला फायदा काय? प्रश्न रास्त होता. डार्विनने पुढच्याच वर्षी, आपल्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत, उत्तर दिलं. पण दगडातला पुरावा यायला 2008 साल उजाडलं. इटलीतल्या बोल्काचे अशा माशांचे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मॅट फ्रीडमन यांनी तपासले. मासे पूर्ण वाढलेले, एक डोळा वर सरकलेला, पण पलीकडे न पोचलेला. एकाच्या तर पोटात गिळलेला मासा होता.

आणि त्यासाठी इटलीलाच जायला हवं असंही नाही. आपल्या समुद्रात इंडियन हॅलिबट हा चपटा मासा मिळतो. जाड अंगाचा, दातांचा, हातभर वाढणारा. त्याचा सरकलेला डोळा माथ्याच्या कडेवरच थांबतो, आणि तो मुख्यतः मासे मारून जगतो. बाजारात दिसला, तर भाव विचारण्याआधी त्याला जरा उभा धरून माथ्याकडून बघा.