चिखलातला प्रोटोकॉल

आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा लाडका शब्द म्हणजे 'प्रोटोकॉल'. आधी कोण बोलणार, कोण ऐकणार, 'मिळालं' असं कोण कळवणार, हे ठरलेलं नसेल तर भारीतलं भारी मशीनसुद्धा मुकं. व्हायवाला हे आपण घडाघडा सांगतो. पण मित्रांनो, मी प्रोटोकॉल पहिल्यांदा पाहिला तो लॅबमध्ये नाही, आमच्या मालवणकडच्या खाडीत!

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. ओहोटीला आजोबा आणि त्यांचे दोन जोडीदार कांदळवनाच्या कडेने गुडघाभर चिखलात उतरतात. सावज म्हणजे बोय मासा. हा भलताच सावध, जरा खळबळ झाली की पसार. त्यामुळे बोलणं बंद. हात वर म्हणजे थांब, बोट खाली म्हणजे इथे आहे, मान हलली की फेक. एकाने घाई केली तर तिघांची टोपली रिकामी. "आधी पाणी बघ, मगे पाग मार," एवढंच काय ते आजोबांचं ट्रेनिंग. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'स्पीक अप' शिकवलं. इथे शिकायचं ते गप्प राहणं.

गंमत म्हणजे दक्षिण ब्राझीलमधल्या लागुना गावातही हीच शिकार चालते, तीही बोयच्याच जातभाईंची. फक्त तिथला जोडीदार माणूस नाही, डॉल्फिन आहे! पाणी गढूळ, कोळ्यांना मासा दिसत नाही. डॉल्फिन प्रतिध्वनीवरून माशांची झुंड हुडकतो, त्यांच्याकडे हाकत आणतो आणि पाठीची कमान करून बुडी मारतो, नाहीतर डोकं पाण्यावर आपटतो. हा सिग्नल! कोळी पाग टाकतात आणि बिथरलेले मासे डॉल्फिनच्या तोंडी लागतात. ही भागीदारी शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार डॉल्फिन असताना मासा मिळण्याची शक्यता 17 पट होते. टाइमिंग जुळलं तर मासळीही जवळजवळ चौपट.

पण त्याच अभ्यासात धोक्याची घंटा आहे. तिथली बोय कमी होतेय आणि कोळ्यांचा या पद्धतीतला रसही. ही भाषा शेजारी उभं राहूनच शिकता येते. एक बाजू उठून गेली की दुसरीने खुणा करायच्या कोणाला?

आमच्या वाडीत पाग मारणारे हे तिघेच उरलेत, सगळे साठीच्या पुढचे. संधिवातामुळे आजोबांचा हात आता अर्धाच उठतो, तरी जोडीदारांना तो बरोब्बर कळतो. हे कुठल्या टेक्स्टबुकात सापडणार? मलाही शिकायचंय म्हटलं तर आजी म्हणाली, "पोरीन पाग कशाक मारूची?" आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी टोपली माझ्या हातात दिली आणि हात अर्धा वर केला.

मी थांबले. सिग्नल मिळाला होता.