एकोणीस सेकंद

एकोणीस सेकंद! मी तीनदा मोजले. दोनदा एकटीने आणि तिसऱ्यांदा ह्यांना हातातला पेपर खाली ठेवायला लावून, साक्षीला बसवून.

बटण दाबल्यापासून लॅपटॉप कामाला तयार होईपर्यंत एकोणीस सेकंद. आदल्या दिवसापर्यंत याच लॅपटॉपला चार मिनिटं दहा सेकंद लागायचे, आणि तेही नुसतं भिंतचित्र दिसायला. मी शाळेत मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका काढायची म्हणजे आधी बटण दाबायचं, मग चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळून आणायचा, आणि अर्धा कप संपला की वर्डची फाइल उघडायची. कित्येक वर्षं हाच क्रम. परवा मी बटण दाबून ओट्याकडे वळले, आणि साखरेचा डबा उघडेपर्यंत मागे लॅपटॉप तयार. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, चहा व्हायचाय अजून!"

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने हाच लॅपटॉप बघून मान हलवली होती. "मॅडम, हा गेला. नवीन घ्या." उज्ज्वल नगरच्या स्टेशनावरून मेट्रोने गेले होते, तशीच तोंड पाडून परत आले. संध्याकाळी भाचा आला, त्याने लॅपटॉपला कान लावला. डॉक्टरसारखा, अक्षरशः कान! म्हणाला, "मावशी, याचा जीव नाही गेला. याची डिस्क थकून राहिली. काहून फेकून राहिली तू?"

तळहातात मावेल अशी चपटी डबी त्याने आणली. एसएसडी. तीन हजारांच्या आत आली. रात्रभर एका केबलने जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यात उतरवलं. याला ही मुलं क्लोन करणं म्हणतात. सकाळी झाकण खोललं, जुनी काढली, नवी सरकवली. रॅम तीच, प्रोसेसर तोच, झाकणावरचा हळदीचा डागही तोच. बदलली फक्त ही डबी.

आता सांगा, मी स्वस्थ कशी बसणार?

मग बेसा चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून सहा टोकांचा तो टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर आणला आणि जुनी डिस्क उघडली. फोटो आणि प्रश्नपत्रिका आधी दुसरीकडे सुखरूप ठेवून, हे सांगून टाकते. नाहीतर भाचा ओरडेल. एक स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो, त्यानेच अर्धा तास खाल्ला. झाकण निघालं आणि आत आरसा! खरंच आरसा. माझी टिकली, चष्मा, मागचा पंखा, सगळं त्या चकतीत स्वच्छ दिसत होतं. चकतीवर शिलाई मशीनच्या सुईसारखा निमुळता हात. चालू असताना त्याचं टोक चकतीला टेकत नाही, वर तरंगतं, आणि मधलं अंतर अवघं काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड! मी चकतीला बोट लावलं, ठसा उमटला, आणि लक्षात आलं की त्या टोकाच्या वाटेत मी डोंगर उभा केलाय.

ही चकती मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते. म्हणजे सेकंदाला नव्वद, म्हणजे एका फेरीला अकरा हजारांश सेकंद. हवी ती माहिती हाताखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं. शिवाय हात योग्य कड्यावर न्यायचा, तो वेळ वेगळा. एकदा ठीक आहे हो! पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक तुकडे इकडून तिकडून वेचतं. दरवेळी हात हलवा, चकतीची वाट बघा. माझा चहा होत होता तो या वाट बघण्यात.

भाच्याने क्रिस्टलडिस्कमार्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर दाखवलं. दोन्ही डिस्कचे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. सलग मोठी फाइल वाचायला जुनी सेकंदाला ९७ एमबी, नवी ५३०. ठीक, साडेपाचपट. पण खाली आणखी एक ओळ असते, विखुरलेल्या छोट्या तुकड्यांची. तिथे जुनी ०.४ आणि नवी २८. सत्तरपट! दुकानात खोक्यावर छापलेला असतो तो पहिला आकडा. माझे एकोणीस सेकंद आले ते दुसऱ्यातून, आणि तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत मला अजून कुठे दिसलेला नाही.

नव्या डबीत काहीच फिरत नाही. हलवून पाहिली, खुळखुळतही नाही. ही फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधली. त्यातली माहिती एका झटक्यात पुसली जाते म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडलं. आत असतात इवल्या इवल्या कुप्या, आणि प्रत्येक कुपीत अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. वीज बंद केली तरी ते तिथेच. आमच्या रामटेकच्या सहलीचे फोटो म्हणजे शेवटी कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन आहेत, हे मी नववीच्या वर्गात सांगितलं, तर मराठीच्या तासाला पहिल्यांदाच मागच्या बाकावरून प्रश्न आला.

आणि या मेमरीतही प्रती आहेत! कुपीत एकच बिट ठेवायचा तर फक्त 'भरलेली' आणि 'रिकामी' एवढं ओळखायचं. चार बिट कोंबायचे तर सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. पेल्यात पाणी आहे की नाही हे लांबूनही कळतं. सोळा रेघांपैकी कुठल्या रेघेवर आहे हे बघायला वाकावं लागतं, वेळ लागतो, आणि पेला जुना झाला की चूकही होते. म्हणून चार बिटवाली, म्हणजे क्यूएलसी, स्वस्त असते. घरच्या एका लग्नाचा साठ जीबीचा व्हिडिओ अशाच एका स्वस्त ड्राइव्हवर उतरवताना वेग आधी ४८० दाखवत होता. मध्येच धपकन ७० वर आला. मला वाटलं, बिघडली. बिघडली नव्हती. सुरुवातीचा माल ती पटापट वरच्या ओट्यावर ठेवून घेते, ओटा भरला की एकेक वस्तू सावकाश फडताळात लावायला घेते. दिवाळीचा फराळ करताना माझं वेगळं काय होतं?

इथवर आल्यावर मी घरातले मोबाइल धरले. ह्यांचा काळा, माझा निळा. दोन्ही खोक्यांवर १२८ जीबी, दोन्हींत ६ जीबी रॅम. तरी माझ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो उतरत असले की दुसरं काही उघडेना. मी आपली त्या फोनच्या स्वभावाला नावं ठेवायचे. वेबसाइटवर बारीक अक्षरांतला तपशील काढला, तर माझ्या फोनमध्ये ईएमएमसी प्रकारची मेमरी, ह्यांच्या फोनमध्ये यूएफएस!

बेसा, घोगली, बेलतरोडीच्या लोकांना हा फरक एका वाक्यात सांगते: ईएमएमसी म्हणजे जुनं मनीष नगरचं रेल्वे फाटक. गाडी जाईल तर रस्ता थांबेल, रस्ता सुटेल तर गाडी थांबेल. ईएमएमसीत वाचणं चालू असेल तेव्हा लिहिणं थांबतं, लिहिणं चालू असेल तेव्हा वाचणं. यूएफएस म्हणजे फाटकावर पूल झाला. जाणारे जातायत, येणारे येतायत, शिवाय कामं रांगेत लावून कुठलं आधी उरकायचं हेही ते ठरवतं. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल सेकंदाला ४०० एमबी, यूएफएस ४.० च्या मेमरीचा वाचनाचा वेग सॅमसंगने ४२०० सांगितला होता. खोक्यावर मात्र दोघांचंही नाव एकच, '१२८ जीबी'. पोत्यात गहू किती मावतो ते छापतात, पोत्याचं तोंड केवढं ते छापत नाहीत. आणि लॅपटॉपची डिस्क बदलता येते, फोनची मेमरी बोर्डावर डाग देऊन पक्की बसवलेली असते. फोनच्या बाबतीत जे विचारायचं ते पैसे देण्याआधीच.

प्रोसेसरकडे वळले आणि रात्रीचे दोन वाजले. सगळं इथे मावणार नाही. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या जवळजवळ सगळ्या मोबाइलचे प्रोसेसर ज्या एआरएम घराण्यातले, त्याची पहिली चिप इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये एकॉर्न नावाच्या कंपनीत २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांची रचना. फर्बर ती किती वीज खाते ते मोजायला गेले, तर मीटर शून्यावर. चिप तर चालू! बोर्डात दोष होता, चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. शेजारच्या भागांतून तिच्या पायांवाटे जी वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती चालली होती. उपाशीपोटी शाळेत येऊन पहिला नंबर काढणारी पोर! मी हे ह्यांना उठवून सांगितलं. ह्यांनी कूस बदलली.

मग नॅनोमीटरचं भूत. चार नॅनोमीटर, तीन नॅनोमीटर, जाहिरातीत हेच. मला वाटायचं, चिपमध्ये खरंच काहीतरी तेवढ्या मापाचं असेल. नसतं! पिढीला दिलेलं ते नाव आहे. पण शिवणारा कोण याला फार महत्त्व. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ २०२१ च्या अखेरीस आली, ती सॅमसंगच्या कारखान्यात बनायची. मे २०२२ मध्ये ८ प्लस जेन १ आली. आराखडा जवळपास तोच, पण कारखाना तैवानच्या टीएसएमसीचा. दोन्हींवर 'चार नॅनोमीटर'च लिहिलेलं. तरी दुसरी वेगाने धावायची, वीज कमी खायची आणि पहिलीसारखी तापायची नाही. एकच माप, एकच कापड, दोन टेलर. बाईमाणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

जाता जाता: भारताचा परम ८००० हा महासंगणक १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये उभा राहिला, तो विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. भटकर आमच्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले, आणि शिकले ते नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. प्रोसेसरच्या गप्पांत नागपूरकराने दबून बसायचं कारण नाही!

आणि दबायचं नाही म्हणूनच मी आमची स्वतःची परीक्षा घेतली. यूट्यूबवर फोनची तुलना करणारी मंडळी एसी खोलीत बसलेली असतात. अ‍ॅपल तर आयफोन वापरायला ० ते ३५ अंशांची हवा असावी असं लिहूनच देतं. ३५? आमच्याकडे मे महिन्यात रात्री कूलरसमोर तेवढं मिळालं तरी नशीब. तर नवतप्यातली दुपार, चार वाजलेले, तापमान ४४ च्या पुढे, बेसातली आमची गच्ची, टाकीची सावली. तीन फोन रांगेत: माझा निळा, ह्यांचा काळा आणि भाच्याचा महागडा. तिघांवर एकच चाचणी सलग वीस वेळा.

हे जिन्यातून डोकावले. "पापड वाळवायचे सोडून मोबाइल वाळवून राहिली का?"

महागड्याच्या पहिल्या फेरीचे गुण १०० धरले, तर काळ्याचे ५१ आणि माझ्या निळ्याचे २२ आले. भाचा मिशीत हसला. सातव्या फेरीला महागडा ८० वर उतरला. बाराव्या फेरीला त्याची पाठ हातात धरवेना, स्क्रीन आपोआप मंद झाली. विसाव्या फेरीला महागडा ५८, काळा ४८. माझा निळा? २१. तो मुळातच इतक्या सावकाश चालतो की त्याला घाम यायचं कारणच नाही. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग उतरवते. उन्हात आपण सावली धरून चालतो तसं. म्हणजे भाच्याने जवळजवळ दुप्पट वेगाचे पैसे मोजले, आणि मे महिन्याच्या दुपारी बेसातल्या गच्चीवर त्याला काळ्यापेक्षा पाचवा हिस्साच जास्त मिळाला. डिसेंबरात पुन्हा चाचणी घेऊ, असं तो म्हणून राहिला. घेऊ नं! तेव्हा गच्चीवर हुरडाही करू.

माझा निकाल मात्र लागलाय. फोन घेताना आधी ईएमएमसी की यूएफएस ते विचारणार, दुसरं, वीस मिनिटं वापरल्यावर तो किती तापतो ते बघणार, आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सगळ्यात शेवटी. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आणि तुमच्या माळ्यावर, कपाटाखाली, सुनेच्या माहेरी, कुठेही एखादा 'गेलेला' लॅपटॉप पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या पोटात फिरती डिस्क आहे का एवढं बघा. असेल तर आधी फोटो नि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, मग एसएसडी टाका. झाकण उघडायला बहुतेकदा साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर पुरतो. सहा टोकांचा लागलाच, तर माझ्याकडे आहे. घेऊन जा, पण परत आणून द्या.