दैनंदिन मालिकेतील भावनिक कथानक

दैनंदिन मालिकेतील पात्राची भावनिक वाटचाल घटनेपेक्षा ती घटना कोणाला आणि कधी कळते, यावर उभी असते. गुपित आधी प्रेक्षकाला कळते, पात्राला फार उशिरा. मधल्या काळात लेखक पात्राविषयीची माया आणि काळजी साठवत जातो.

'स्टार प्रवाह'वरील 'आई कुठे काय करते' (डिसेंबर 2019 ते नोव्हेंबर 2024) हे याचे ठळक उदाहरण. लीना गंगोपाध्याय यांच्या 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवर ती बेतली होती. नमिता वर्तक यांची पटकथा आणि मुग्धा गोडबोले यांचे संवाद यांनी तिला अस्सल मराठी घर दिले. अनिरुद्ध देशमुखचे संजनाशी असलेले विवाहबाह्य संबंध प्रेक्षकाला ठाऊक होते. त्याची बायको अरुंधती मात्र विश्वासाने संसार सांभाळत होती. त्यामुळे तिचे साधे हसणेही जिव्हारी लागे.

सत्य उघड झाल्यावर पडसादांचा टप्पा येतो. सासू कांचन, सासरे अप्पा आणि अभिषेक, यश, ईशा ही मुले यांच्यापैकी प्रत्येक जण तीच गोष्ट आपल्या स्वभावानुसार पचवतो. एका घटनेतून अनेक भाग निघतात, ते असे. त्यानंतर निर्णय येतात: घटस्फोट, गाण्याकडे परतणे, स्वतःची कमाई आणि 2023 मध्ये आशुतोष केळकर या जुन्या मित्राशी लग्न. 1999 मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर आलेल्या 'आभाळमाया'तील सुधा जोशीलाही नवऱ्याने दुखावले होते. पण ती नोकरी करणारी होती. अरुंधतीला स्वतःच्या पायावर उभे राहण्यापासून सुरुवात करावी लागली, म्हणून तिचा प्रवास लांबला आणि तो पटलाही.

असा प्रवास पडद्यावर आणताना वेळ मोजकाच मिळतो: अर्ध्या तासाच्या भागात गोष्ट साधारण 22 मिनिटांचीच असते. कथा, वनलाइन (भागाचा थोडक्यात आराखडा), पटकथा आणि संवाद या क्रमाने ती कागदावर उतरते. गोरेगावची चित्रनगरी असो वा उपनगरातला दुसरा सेट, चित्रीकरण क्रमाने होत नाही. स्वयंपाकघरात लाइट लागले की तिथली दोन-तीन भागांतली दृश्ये लागोपाठ उरकली जातात. अभिनेत्री आधी रडून घेते, मग साडी बदलून रडण्याआधीच्या दिवसातले हसू आणते. मंगळसूत्र, टिकली, विस्कटलेले केस यांची कंटिन्युइटी, म्हणजे दृश्यांमधले सातत्य, सहायक दिग्दर्शक फोटो ताडून सांभाळतो. मनाची कंटिन्युइटी नटीलाच सांभाळावी लागते.

टीआरपीच्या दबावाखाली मालिकेत पाणी घातले जाते, तेव्हा पहिला घाव मनाच्या या सातत्यावर बसतो. ठामपणे घर सोडलेली बाई कारणाशिवाय पुन्हा लाचार दाखवली की आधीच्या शेकडो भागांची कमाई वाया जाते. पात्र चुकू शकते, खचू शकते. पण जे त्याला एकदा उमगले, ते नंतरच्या प्रत्येक दृश्यात जाणवले पाहिजे. मोठ्या पल्ल्याच्या भावनिक कथानकाची खरी कसोटी हीच आहे.